ब्रिटिश कोणास म्हणावें?

आपल्या बोलण्यांत ‘इंग्रज’ हा शब्द फार सैलपणें वापरला जातो. मुंबईचे गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांस आपण इंग्रज म्हणतों. ज्यांच्या नांवाचें कॉलेज मुंबईंत आजहि उभें आहे त्या डॉ. जॉन विल्सन यांसहि इंग्रजच म्हणतों. वास्तविक हे दोघेहि स्कॉटलंडचे. एखाद्या स्कॉच गृहस्थास समोरासमोर इंग्रज म्हणून पाहावें, म्हणजे या भेदाचें महत्त्व तत्काळ कळून येईल! तेव्हां ‘ब्रिटिश’ हें नांव कोणाचें, व त्या नांवाखालीं ते लोक कोणत्या गोष्टी आपल्या समजतात, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ब्रिटिश राष्ट्र हें एका कुळांतून वाढलेलें नाहीं. वेल्स पूर्वींच इंग्लंडास जोडलें गेलें होतें. १७०७ सालीं स्कॉटलंड व १८०१ सालीं आयर्लंड त्यांत सामील झालें, आणि १९२२ सालीं आयर्लंडचा मोठा भाग वेगळा निघाला. संयोगानंतरहि स्कॉटलंडनें आपला कायदा, आपल्या शाळा व आपलें चर्च हीं निराळींच ठेविलीं. लिंडा कॉली या विदुषीनें ‘ब्रिटन्स’ या १९९२ सालच्या ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं, या लोकांस एकत्र बांधणारीं मोठीं बंधनें म्हणजे प्रॉटेस्टंट धर्म व फ्रान्सशीं वारंवार झालेलीं युद्धें. आज फ्रान्स शत्रु राहिला नाहीं, आणि चर्चमध्यें जाणारेहि पूर्वींच्या मानानें थोडे. मग बंधन कोणतें उरलें? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. १८ सप्टेंबर २०१४ रोजीं स्कॉटलंडांत जें लोकमत घेण्यांत आलें, त्यांत शेंकडा ४४.७ मतें वेगळें होण्याच्या बाजूनें पडलीं.

इंग्लंड व वेल्स यांच्या खानेसुमारींतील एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. २०११ सालीं शेंकडा ५७.७ लोकांनीं आपण केवळ ‘इंग्लिश’ आहों असें लिहिलें, व केवळ ‘ब्रिटिश’ असें लिहिणारे १९.१ निघाले. दहाच वर्षांनीं, २०२१ सालीं, ब्रिटिश ५४.८ झाले आणि इंग्लिश १४.९ वर आले! एवढें मोठें राष्ट्र दहा वर्षांत आपलें नांव कसें बदलील? खरी गोष्ट अशी कीं, इंग्लंडांतील नमुन्यावर उत्तरांच्या यादींत ‘ब्रिटिश’ हा शब्द या वेळीं सर्वांच्या वर छापला होता. फरकाचें मुख्य कारण हेंच असावें, असें खुद्द सरकारी आंकडेतज्ज्ञांनीं सांगितलें आहे. अर्थात् पुष्कळांस दोन्ही नांवें सारखींच जवळचीं वाटतात.

सरकारनें मात्र या नांवास निश्चित अर्थ देण्याचा यत्न केला आहे. लोकसत्ता, कायद्याचें राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, आणि परधर्मीयांविषयीं आदर व सहिष्णुता, हीं ‘ब्रिटिश मूल्यें’ मुलांच्या मनांत रुजविण्याचें कर्तव्य २०१४ पासून इंग्लंडांतील शाळांवर आलें. यावर कित्येक शिक्षकांनींच आक्षेप घेतला कीं, यांत ब्रिटिश तें काय? फ्रेंच किंवा हिंदी मनुष्यहि हींच नांवें घेईल. आक्षेप बरोबर आहे. पण रोप सर्वत्र असलें तरी प्रत्येक ठिकाणची माती निराळी असते. १२१५ सालीं थेम्सकांठच्या रनीमीड येथें सरदारांनीं जॉन राजास सनद देण्यास भाग पाडलें. १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें राजाचे हात आणखी बांधले गेले. त्या देशाची राज्यघटना एका ग्रंथांत लिहिलेली नाहीं. तिचा पुष्कळ भाग वहिवाटीवर चालतो. सामान्य मनुष्याचा अभिमान याहूनहि साध्या गोष्टींत असतो. ५ जुलै १९४८ पासून चालू असलेल्या सार्वजनिक आरोग्यसेवेस २०१२ च्या लंडन येथील ऑलिंपिक समारंभांत मानाचें स्थान मिळालें, तें याच भावनेमुळें.

या सर्व प्रश्नाची खरी परीक्षा आमच्या मतें दादाभाई नौरोजी यांनीं घेतली. ब्रिटिश मतदार काळ्या मनुष्यास निवडतील काय, अशी शंका पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनीं १८८८ सालीं जाहीरपणें बोलून दाखविली. १८९२ सालीं लंडनमधील सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनीं दादाभाईंस पार्लमेंटांत पाठवून तिचें उत्तर दिलें. पुढें १९०१ सालीं त्यांनीं हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नांवांतच येथील राज्यकारभारास ‘अब्रिटिश’ हें विशेषण लाविलें. कित्येकांस त्यांत राज्यकर्त्यांची स्तुति दिसली. आम्हांस तें शस्त्र वाटतें. ब्रिटिशपणा रक्तानें येत असेल, तर दादाभाईंस बोलण्याचा अधिकार नव्हता. तत्त्वानें येत असेल, तर हिंदुस्थानांतून धन वाहून नेणारे राज्यकर्तेच त्या नांवास अपात्र ठरत होते.

हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. परदेशांतून येऊन नागरिक होऊं इच्छिणारांस २००५ पासून परीक्षा द्यावी लागते: चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटें, आणि अठरा उत्तरें तरी बरोबर यावयास पाहिजेत. त्यानंतर समारंभांत राजाशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ किंवा प्रतिज्ञा घ्यावयाची. जन्मानें ब्रिटिश असलेल्यास यांपैकीं कांहींच करावें लागत नाहीं. तो त्या परीक्षेस बसल्यास उत्तीर्ण होईल काय, असें तेथील लोकच एकमेकांस थट्टेनें विचारतात.