मालाचे फोटो : परवडणारा डिजिटल कॅमेरा कसा निवडावा?

गिऱ्हाइकाने माल हाताळून घ्यावा ही बाजाराची जुनी रीत. कापड चिमटीत धरून पोत पाहायचा, भांड्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचा, अत्तर मनगटावर लावून घ्यायचे. आता मालेगाव-भिवंडीचा कापडवाला असो, औरंगाबादचा (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हिमरू विणणारा असो, मिरजेचा सतारमेकर असो किंवा मुंबईचा जरदोजी कारागीर असो, परगावच्या गिऱ्हाइकासमोर त्याचा माल प्रथम जातो तो फोटोच्या रूपाने. त्या फोटोवर भरवसा ठेवून गिऱ्हाईक पैसे पाठवते.

हनफी फिकहमध्ये न पाहता माल घेणाऱ्याला ‘खियार-ए-रुयत’चा हक्क दिला आहे. म्हणजे माल प्रत्यक्ष पाहिल्यावर तो ठेवायचा की सौदा मोडायचा, हे खरेदीदाराने ठरवायचे. फोटो पाहून घेतलेला माल हातात आल्यावर गिऱ्हाईक नेमके हेच करते. धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आतली ओल बाहेर दाखवली आणि भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही असे विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपल्या बहुतेक व्यापारी बंधूंना माहीत आहे. फोटोच्या बाबतीत अडचण अशी, की विक्रेत्याची नियत साफ असूनही फोटो खोटे बोलू शकतो. राणी रंगाची साडी फोटोत लाल दिसते, नक्षीचे बारीक काम सपाट दिसते, चपलेचा पुढचा भाग फुगलेला दिसतो. माल परत येतो, जाण्या-येण्याचे भाडे विक्रेत्याच्या अंगावर पडते आणि घडी मोडलेली साडी नव्याच्या भावाने विकता येत नाही. म्हणून कॅमेरा निवडताना कसोटी एकच ठेवावी : मालाचा रंग, पोत आणि आकार कमीत कमी पैशात खरा दाखवणारा कॅमेरा कोणता?

येथे एक गोष्ट मधेच सांगितलेली बरी. सजीवांच्या चित्राविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि काही बंधू त्या संकोचाने फोटोच्या वाटेलाच जात नाहीत. साडी, सतार, समई, पादत्राणे या निर्जीव वस्तूंचा प्रश्न त्या वादात येत नाही. कपडा अंगावर कसा बसतो हे दाखवायचे असेल तर हँगर किंवा मुंडके नसलेली डमी पुरते.

आता पहिला प्रश्न, कॅमेऱ्याची गरज आहे का? नेहमीच्या ठोक गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर नवीन डिझाइन दाखवण्यापुरते काम असेल तर बऱ्यापैकी मोबाइल पुरेसा आहे. त्यासाठी भांडवल अडकवू नये. मोबाइल कमी पडतो तो तीन ठिकाणी. एक, त्याची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. वस्तू चौकटभर यावी म्हणून आपण जवळ जातो, आणि जवळ गेल्यामुळे वस्तूचा पुढचा भाग मोठा व मागचा लहान दिसतो. दोन, मोबाइल आपल्या मर्जीने रंग भडक करतो आणि कडा तासतो. ते चेहऱ्याला शोभते, पण मालाच्या बाबतीत ती फसवणूक ठरते. तीन, पन्नास नगांचे फोटो एकाच उजेडात काढले तरी प्रत्येकाचा रंग थोडा वेगळा येतो, कारण मोबाइल दर फोटोला रंगाचा हिशेब नव्याने मांडतो. ज्याचा माल वेबसाइटवर, छापील कॅटलॉगमध्ये किंवा परदेशी गिऱ्हाइकाकडे जातो, त्याने कॅमेऱ्याचा विचार जरूर करावा.

दुकानात गेल्यावर पहिला शब्द कानावर पडतो तो मेगापिक्सेल. त्याला भुलू नये. ३०० डीपीआयवर पूर्ण ए-४ पान छापायला २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८.७ मेगापिक्सेल लागतात. वेबसाइटवर २००० गुणिले २०००, म्हणजे ४ मेगापिक्सेलचे चित्र मोठे करून पाहण्यासही पुरते. गेल्या दहा-बारा वर्षांतला बदलत्या लेन्सचा कोणताही कॅमेरा यापेक्षा जास्तच देतो. ऑनलाइन विकले जाणारे, अनोळखी छापाचे, ‘४८ मेगापिक्सेल’ लिहिलेले स्वस्त कॅमेरे तर घेऊच नयेत. त्यांतल्या पुष्कळांत सेन्सर बारीक असतो आणि आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो.

महत्त्वाचा तो सेन्सरचा आकार. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर असतो. निकॉनच्या साध्या डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे १३ पट. कॅननचा किंचित लहान असतो. मोठ्या सेन्सरला उजेड जास्त मिळतो, काळ्या कापडातील वीण आणि पांढऱ्यावरील पांढरी चिकनकारी दोन्ही शाबूत राहतात. पूर्ण ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याची आपल्या कामाला गरज नाही. लग्नाच्या हॉलमध्ये अंधारात फोटो काढणाऱ्यांसाठी तो ठीक आहे. आपली वस्तू हलत नाही आणि कॅमेरा स्टँडवर असतो.

माझे मत विचाराल तर आज कारागिराने जुना, म्हणजे सेकंडहँड डीएसएलआर घ्यावा. कंपन्यांचा सगळा भर आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. हौशी लोक तिकडे वळल्यामुळे चांगल्या स्थितीतले डीएसएलआर स्वस्तात निघत आहेत. कॅननचा १५०० डी (२०१८), निकॉनचे डी ३२०० (२०१२), डी ३४०० (२०१६) आणि डी ३५०० (२०१८) हे सगळे २४ मेगापिक्सेलचे आहेत. सोबतच्या साध्या लेन्ससह, स्थितीप्रमाणे, साधारण १५ ते २५ हजारांच्या दरम्यान सौदा व्हावा. मिररलेस वाईट नाही, पण त्याच्या लेन्स महाग पडतात. उलट निकॉनची लेन्स बसवण्याची पद्धत १९५९ पासूनची आणि कॅननची ईएफ पद्धत १९८७ पासूनची आहे, त्यामुळे जुन्या बाजारात लेन्सचा तुटवडा नाही.

कापडवाल्यांनी मात्र इथे जरा थांबावे. बारीक विणीच्या कापडाचा फोटो काढला की कधीकधी त्यावर पाण्याच्या लाटांसारखे रंगीत पट्टे दिसतात, जे कापडात नसतात. याला मोअरे म्हणतात. कापडाच्या धाग्यांची जाळी आणि सेन्सरवरील ठिपक्यांची जाळी एकमेकींवर आल्याने ते उमटतात. हे टाळण्यासाठी सेन्सरपुढे चित्र किंचित मऊ करणारी एक काच बसवलेली असते. जास्त धारदार चित्र मिळावे म्हणून निकॉनने डी ३४०० आणि डी ३५०० मध्ये ती काच काढून टाकली. डी ३२०० मध्ये आणि कॅननच्या १५०० डी मध्ये ती आहे. म्हणून साडी, लुंगी, शर्टिंग विकणाऱ्याने शेवटचे दोन आधी पाहावेत. सतार, पितळ किंवा चामड्याचे काम करणाऱ्याला काच नसलेला कॅमेरा उत्तम. काच नसलेला कॅमेरा आधीच घरात असेल तर घाबरण्याचे कारण नाही. कॅमेरा वीतभर पुढे-मागे करावा किंवा थोडा तिरपा करावा, पट्टे बहुधा जातात.

लेन्सबद्दल थोडक्यात. सोबत येणारी १८-५५ लेन्स ५० च्या आसपास ठेवून, लांब उभे राहून वापरावी. १८ वर ठेवली तर मोबाइलचाच दोष परत येतो. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे आता तिचे फोटो दूरदूर पाहिले जाणार. चार फुटांची सतार सरळ, न वाकता दिसावी असे वाटत असेल तर ५० मिलिमीटरवर सुमारे नऊ-दहा फुटांवरून फोटो काढावा लागतो. तेवढी मोकळी जागा कारखान्यात आहे का ते आधी मोजावे. जरीकाम, दागिने, नक्षी यांसाठी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स हवी. निकॉनची ४० मिलिमीटर आणि कॅननची ६० मिलिमीटर मॅक्रो जुन्यात मिळतात. निकॉन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांवर जुनी एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. स्टँडवर ठेवलेल्या वस्तूसाठी हे चालून जाते, पण ऑटोफोकस आहे असे समजून जास्त पैसे मोजू नयेत.

जुना कॅमेरा घेताना लाजू नये, सगळे तपासावे. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार या व्यापारासाठी ओळखला जातो; इतर शहरांतही असे दुकानदार असतात. शटर किती वेळा उडाले ते विचारावे. साध्या कॅमेऱ्याचे शटर सुमारे एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असते. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो, कॅननसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते. लेन्सच्या मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च मारून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत करावी. एफ/२२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांच्या रूपात दिसते. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. खोकला असेल तर त्यावरचा सीरियल नंबर कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेल्या नंबरशी जुळवावा आणि विकणाऱ्याकडून नाव-पत्त्यासह पावती घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे नाजायज आहेच, न जाणता घेतला तरी पोलिसांचा फेरा चुकत नाही.

नवा घेणाऱ्यांनी बिलाविना ‘थोडा स्वस्त’ मिळणारा कॅमेरा घेऊ नये. त्याला कंपनीची भारतातली वॉरंटी नसते. जीएसटी नोंदणी असलेल्या आणि कंपोझिशन योजनेत नसलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्यावरील कराचे क्रेडिट मिळू शकते, पण बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक हवा.

पैशाचा प्रश्न आला की दुकानदार ‘नो कॉस्ट ईएमआय’ सुचवतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये शून्य टक्के व्याजाच्या योजनांना हरकत घेतली. त्यानंतर क्रेडिट कार्डावर जी पद्धत रुळली तीत बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढीच सूट वस्तूच्या किमतीत देतो. म्हणजे बेरीज जुळली तरी कागदावर व्याज असतेच, आणि त्या व्याजावर जीएसटी वेगळा लागतो. असा व्यवहार करण्यापूर्वी तो समजून घ्यावा आणि आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावे. याहून सोपे मार्ग आहेत. एका गल्लीतल्या तीन-चार कारागिरांनी शिरकत करून एक संच घ्यावा. वार ठरवून घ्यावेत आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा ते आधीच लिहून ठेवावे. ज्याच्या नव्या डिझाइन वर्षातून दोनदाच निघतात त्याने तर कॅमेरा एका दिवसाच्या भाड्याने आणावा. मोठ्या शहरांत ही सोय आहे.

एकूण रकमेपैकी निम्म्याहून जास्त कॅमेऱ्यावर घालवू नये. उरलेल्यात लेन्स, मजबूत स्टँड आणि उजेड बसवावा. उजेडाकडेच आपले लोक सर्वांत कमी लक्ष देतात. खिडकीतला उन्हाविनाचा उजेड फुकट आहे आणि उत्तम आहे. समोरच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा पत्रा उभा केला की सावली मऊ होते. त्या वेळी खोलीतली ट्यूब आणि बल्ब बंद हवेत. दोन जातींचे उजेड मिसळले की कोणताही कॅमेरा गोंधळतो. दिवसाचा उजेड सुमारे ५५०० केल्व्हिनचा आणि पिवळ्या बल्बचा २७०० ते ३००० चा असतो. त्याच पांढऱ्या कापडाची एक बाजू निळसर, दुसरी पिवळी येते. रात्रीच काम करावे लागत असेल तर साधा एलईडी न घेता डब्यावर सीआरआय ९५ किंवा त्याहून जास्त लिहिलेला घ्यावा. पितळ आणि चांदीत अख्खी खोली दिसते. त्यासाठी वस्तूभोवती बटरपेपरचा तंबू करून उजेड बाहेरून सोडावा. उघड्या धातूची चमक पोलरायझर फिल्टरने जात नाही, तो विकत घेऊ नये. सतारीच्या पॉलिशवरची चमक मात्र त्याने कमी होते.

कॅमेरा स्टँडवर, आयएसओ १००, छिद्र एफ/८, दोन सेकंदांचा टायमर. मालाशेजारी करडे कार्ड ठेवून पहिला फोटो काढावा, त्यावरून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवावा आणि उजेड बदलेपर्यंत तो बदलू नये. पन्नास साड्यांचा रंग एकसारखा खरा येतो तो यामुळे. राणी, गर्द लाल आणि जांभळा हे रंग तरीही त्रास देतात, कारण ते सेन्सरच्या एकाच रंगाच्या खान्यात जास्त भरतात. अशा वेळी फोटो किंचित काळसर काढावा, मग कापड खिडकीजवळ धरून पडद्यावरील रंगाशी ताडून पाहावे. तेवढे करूनही फरक राहिलाच तर फोटोखाली शब्दांत लिहावे, की प्रत्यक्ष रंग यापेक्षा गडद आहे. एखादा धागा निसटला असेल, पॉलिशवर ओरखडा असेल, तर त्याचा जवळून काढलेला फोटो त्याच पानावर द्यावा.

आपल्या कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात लेन्सला बुरशी फार लवकर धरते. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या एवढे पुरे. पुड्यांचे रंगीत दाणे रंग बदलू लागले की त्या बदलाव्यात.