आधी बसून हिशेब



वसतिगृहाच्या संगणकावर उबुंटू २०.०४ होते. "चालतोय ना, मग राहू दे," असे मी म्हणत होतो. पण त्याच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या पाच वर्षांनी, मे २०२५ मध्ये थांबल्या. आणि मुलांच्या आजारपणाच्या नोंदी त्यातच आहेत.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभूने शिकवले (लूक १४:२८). म्हणून सुट्टीत आधी नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली, ती उघडून पाहिली आणि इन्व्हर्टर भरून ठेवला. एकदम २४.०४ वर जाता येत नाही; प्रथम २२.०४, मग २४.०४. दोन्ही पायऱ्या पार पडल्या.

मुलांची माहिती ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. ती राखणे हीसुद्धा सेवाच.