घर विकताना दलालीचा हिशेब

आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म अडत-दलालीच्या व्यवहारातच गेला आहे. पेठेत धान्याची गाडी उभी राहिली की अडत किती, हमाली किती, तोलाई किती, हे माल वखारीत पडण्यापूर्वीच ठरलेले असते आणि हिशेबपट्टीत पैपैशासह उतरते. असे असूनही राहते घर विकावयास काढताना, आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठ्या व्यवहाराची दलाली आपण ‘मागाहून पाहू’ या दोन शब्दांवर सोडून देतो. आम्हीही तेच केले. त्यातून जो मनस्ताप झाला आणि जे शिकावयास मिळाले, ते बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

आमची चूक

बेळगावच्या शहापूर भागात आमचे वडिलोपार्जित घर होते. आम्ही तिघे भाऊ. थोरले बंधू निवर्तल्यावर त्यांचा तिसरा हिस्सा वहिनींकडे आला. त्यांना अपत्य नाही. घराच्या विक्रीतून येणारी रक्कम हाच त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा आधार होता. व्यवहार पाहण्याचे काम सर्वांनी आमच्यावर सोपविले.

एका दलालांना आम्ही घर दाखविले. त्यांनी दलालीचा विषय काढला तेव्हा आम्ही म्हणालो, “तुमचे-आमचे काय, रीतीप्रमाणे होईल.” रीत म्हणजे किती, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. भिडेस्तव घराचे मूळ कागदही त्यांच्या हवाली केले. चार महिन्यांनी त्यांनी खरेदीदार आणला, नव्वद लाखांस सौदा ठरला आणि इसाराचा एक लाखाचा धनादेश आमच्या संमतीने दलालांच्याच नावे निघाला.

साठेखत झाल्यावर त्यांचा निरोप आला : दलाली चार टक्के, म्हणजे ३,६०,००० रुपये, त्यावर अठरा टक्के कर ६४,८०० रुपये, एकूण ४,२४,८०० रुपये खरेदीखतापूर्वी रोख द्यावे, अन्यथा मूळ कागद मिळणार नाहीत. वहिनींच्या हिश्श्याला यातील १,४१,६०० रुपये येत होते. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “भाऊजी, दुकानात तुम्ही दाण्यादाण्याची चिठ्ठी ठेवता; घराच्याच व्यवहारात चिठ्ठी कशी राहिली?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

न करावयाची गोष्ट

एका स्नेह्यांनी युक्ती सुचविली : सौदा मोडल्याचे दाखवावे, दोन महिन्यांनी त्याच खरेदीदाराशी परस्पर खरेदीखत करावे, दलाल हात चोळीत बसेल. ही युक्ती आम्ही मानली नाही. खरेदीदार त्यांनीच आणला होता आणि सिटी सर्व्हे कचेरीतील वारसा-नोंदीसाठी त्यांनी पुष्कळ खेटेही घातले होते. शिवाय अशा प्रकरणी विक्री कोणाच्या खटपटीने घडून आली, हे न्यायालय पाहते. खरेदीखताची तारीख पुढे ढकलल्याने देणे बुडत नाही. ज्याने काम केले त्याचे देणे मान्य करावे आणि वाद फक्त रकमेपुरता ठेवावा, हे आम्ही मनाशी पक्के केले. पुढील सारा मार्ग याच निश्चयाने सोपा झाला.

कायदा काय सांगतो

घराचा दलाल हा घरमालकाचा प्रतिनिधी होय. या नात्याचे नियम १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १८२ पासून पुढे दिले आहेत. त्यांपैकी पाच गोष्टी प्रत्येक घरमालकाने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, कलम २१९ : वेगळा करार नसेल तर सोपविलेले काम पूर्ण झाल्यावाचून प्रतिनिधीचा मोबदला देणे होत नाही. दुसरी, कलम २१७ : मालकाच्या वतीने हाती आलेल्या रकमेतून प्रतिनिधी आपला देय मोबदला आणि योग्य खर्च वळता करून घेऊ शकतो, बाकीची रक्कम मात्र कलम २१८ प्रमाणे मालकास दिलीच पाहिजे. तिसरी, कलम २२१ : देणे थकले असेल तर ते फिटेपर्यंत मालकाचे कागद अडवून धरण्याचाही अधिकार त्याला आहे. म्हणूनच मूळ कागद दलालाच्या हवाली करू नयेत. झेरॉक्स प्रतींवर त्याचे काम भागते. चौथी, कलम २१३ : मालकाने मागताच प्रतिनिधीने योग्य हिशेब दिला पाहिजे. पाचवी, कलम २२० : कामात गैरवर्तन झाले असेल तर तेवढ्या भागाच्या मोबदल्यावर त्याचा हक्क राहत नाही.

दर मुळीच ठरला नसेल तर काय? तेव्हा गावची रीत आणि प्रत्यक्ष केलेले श्रम यांवरून वाजवी मोबदला धरावा लागतो. दलालाने उच्चारलेला आकडा हा त्याचा प्रस्ताव असतो. आपण होकार दिल्याशिवाय तो करार होत नाही.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याविषयी पुष्कळांचा गैरसमज आहे. त्या कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली, ती बांधकाम-व्यावसायिकांच्या नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी. गल्लीतील जुन्या घराची खासगी विक्री त्या कलमाखाली येत नाही. आणि दलालीचा दरही त्या कायद्याने कोठे बांधून दिलेला नाही. यास्तव आपली चिठ्ठी हाच आपला आधार.

आम्ही काय केले

प्रथम चौकशी केली. आमच्या भागात अलीकडे घर विकलेल्या दोन कुटुंबांना आणि दुसऱ्या दोन दलालांना विचारले. चौघांनीही विकणाऱ्याकडून एक टक्का हीच रीत सांगितली. खरेदीदारांस भेटलो तेव्हा कळले की त्यांच्याकडूनही आमच्या दलालांनी एक टक्का, म्हणजे ९०,००० रुपये, अगोदरच घेतले होते. दोन्ही बाजूंनी दलाली घेणे आपल्याकडे रूढ आहे; परंतु ती गोष्ट दोन्ही बाजूंना ठाऊक असली पाहिजे. आम्हाला ती सांगितलेली नव्हती.

मग कराचा प्रश्न पाहिला. वस्तू व सेवा कराची नोंदणी असलेल्या दलालाला दलालीवर अठरा टक्के कर लावता येतो. ज्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, त्याला सामान्यतः अशी नोंदणी करावी लागत नाही. आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला हा कर वसूल करता येत नाही. आम्ही नोंदणी-क्रमांक मागितला. तो नव्हताच. ६४,८०० रुपयांची बाब तेथेच गळाली.

त्यानंतर पोचपावतीच्या टपालाने पत्र पाठविले. पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता. खरेदीदार आपण आणला हे आम्ही मान्य करतो. चार टक्क्यांचा दर कधीही ठरला नव्हता. गावची रीत एक टक्का आहे. दुसऱ्या बाजूकडून घेतलेली दलाली आम्हास कळविली नव्हती. नव्वद हजार रुपये खरेदीखताच्या दिवशी बँकेमार्फत देण्यास आम्ही तयार आहोत. याहून अधिक मागणे असल्यास कामाचा तपशील लेखी द्यावा, असे त्यात लिहिले.

आठ दिवस उत्तर आले नाही. नंतर पेठेतील एका वयोवृद्ध व्यापाऱ्यांच्या पेढीवर उभयतांची बैठक झाली. दलालांनी वारसा-नोंदीच्या खेट्यांचा तपशील मांडला. तो खरा होता आणि ते काम दलालीपेक्षा वेगळे होते. त्याचे दहा हजार धरून एक लाखावर निवाडा झाला. इसाराचा एक लाख त्यांच्यापाशी होताच. तोच दलालीपोटी चुकता धरून त्यांनी पावती लिहून दिली आणि खरेदीखताच्या दिवशी उपनिबंधक कचेरीत मूळ कागद आमच्या हाती दिले. वरचे दहा हजार आम्ही आपल्या नावे खर्ची टाकले, कारण चिठ्ठी न करण्याची चूक आमची होती. वहिनींच्या हिश्श्याला ३०,००० रुपयेच आले.

ही पावती जपून ठेवावी. घर विकल्यावर भांडवली नफ्याचा हिशेब करताना विक्रीसाठी झालेला दलालीचा खर्च वजा मिळतो. पावतीवाचून तो सिद्ध करणे कठीण.

समेट न झाल्यास

दलालाने सेवेत कसूर केली असेल वा जादा रक्कम उकळली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाही. दलालाला आपले येणे वसूल करण्यासाठी दिवाणी दावा लावावयाचा झाल्यास त्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. म्हणून “तो काय करणार” असे म्हणून पत्रांकडे दुर्लक्ष करू नये. प्रत्येक पत्राला मुद्देसूद लेखी उत्तर द्यावे आणि जेवढी रक्कम मान्य आहे, तेवढी देण्याची तयारी त्यात नमूद करावी.

चिठ्ठीचा नमुना

घर दाखविण्यापूर्वी साध्या कागदावर पुढील मजकूर लिहून उभयतांनी सह्या कराव्यात :

१. घराचा पत्ता, सि. स. नंबर आणि अपेक्षित किंमत.
२. दलाली शेकडा किती, की ठोक रक्कम. कर त्यात धरला आहे की वेगळा. वेगळा असल्यास नोंदणी-क्रमांक.
३. दलाली खरेदीखत नोंदल्याच्या दिवशी, बँकेमार्फत आणि पावती घेऊन दिली जाईल. सौदा मोडल्यास दलाली नाही.
४. खरेदीदाराकडूनही दलाली घेणार असल्यास ती किती, हे आगाऊ कळवावे.
५. इसाराची रक्कम थेट घरमालकाच्या खात्यात जमा व्हावी.
६. मूळ कागद घरमालकापाशी राहतील.
७. कचेरीतील खेटे, जाहिरात इत्यादी वेगळ्या कामांचे काय द्यावयाचे.
८. ही चिठ्ठी किती महिने लागू राहील.

ही आठ कलमे लिहावयास पाव घटकाही लागत नाही. ज्या दलालाची दानत चोख आहे, तो आनंदाने सही करतो, कारण ही चिठ्ठी त्याच्याही मोबदल्याची हमी असते. जो सही करण्यास कुरकुरतो, त्याची पारख आपल्याला वेळीच होते.

घर विकावयास काढले की माणूस आधीच हळवा झालेला असतो. बापजाद्यांची वास्तू हातची जात असताना टक्क्यांची घासाघीस करणे त्याला कोते वाटते, आणि भिडेची किंमत पुढे घरातील दुबळ्या माणसाला मोजावी लागते. यापुढे आपल्या कोणा घरी अशी वेळ आली, तर दाराला कुलूप लावून किल्ली दलालाच्या हाती देण्यापूर्वी चिठ्ठी करावी, एवढेच सांगणे.