मूल माती का खाते?

भातलावणीचे किंवा ऊसतोडीचे दिवस आले, की पटावर नाव नसलेली काही मुले खेड्यातील शाळेत दिसू लागतात. तिसरी-चौथीतील मुलगी पाठीवर दप्तर आणि कडेवर दीड-दोन वर्षांचे भावंड घेऊन येते, त्याला व्हरांड्यात बसवते आणि स्वतः वर्गात जाते. थोड्या वेळाने पाहावे तो भावंडाच्या ओठांभोवती माती लागलेली असते आणि मुठीत भिंतीचा पोपडा असतो. बहीण धावत येते, त्याच्या पाठीत धपाटा घालते, तोंडात बोट घालून माती काढते. वर्ग हसतो आणि पाठ पुढे चालू होतो. हा प्रकार इतका नित्याचा झालेला असतो, की त्यात पाहण्यासारखे काही आहे असे कोणास वाटत नाही.

हे भावंड शाळेचे नव्हे, असे म्हणून शिक्षकास मोकळे होता येत नाही. बोर्डी येथे १९४५ साली सुरू झालेले ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ साली कोसबाडास गेले. तेथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालविण्याचा प्रयोग केला, तो याच अनुभवातून. मोठ्या मुलास शाळेत आणावयाचे, तर त्याच्या कडेवरच्या मुलाचा विचार आधी करावा लागतो.

मूल वस्तू तोंडात घालते याचे मूळ खोडकरपणात नाही. चार-पाच महिन्यांचे मूल हाताने वस्तू धरू लागते आणि धरलेली प्रत्येक वस्तू प्रथम तोंडाकडे नेते. त्या वयात बोटांपेक्षा ओठ व जीभ अधिक जाणत्या असतात. वस्तू मऊ की कठीण, गार की उबदार, गुळगुळीत की खरखरीत, हे मूल तोंडाने ओळखते. पुढे रांगता येऊ लागले, की अंगणातील खडा, काडी, कोंबडीचे पीस, उंबऱ्याजवळची चप्पल, जे हाती लागेल ते तोंडात जाते. दीड-दोन वर्षांच्या सुमारास बोटे कुशल होतात, शब्द येऊ लागतात आणि तोंडाचे हे काम आपोआप कमी होते. या वयात मुलास मारणे म्हणजे त्याच्या शिकण्यालाच मारणे होय. त्याच्या हाती धुतलेली लाकडी पळी, वाटी किंवा स्वच्छ चिंधीचा चेंडू द्यावा आणि ते बसते ती जागा कोंबड्या-कुत्र्यांच्या विष्ठेपासून दूर ठेवावी. चिंचोके, शेंगदाणे, नाणी, गुंड्या आणि खेळण्यांतील चपटे सेल मात्र त्याच्या आसपास असूच नयेत. पहिल्या चारांनी श्वास कोंडतो. चपटा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही तेथे गंभीर जखम होऊ शकते. सेल गिळल्याचा संशय जरी आला, तरी मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

भागवतातील यशोदेने बाळकृष्णास तोंड उघडावयास लावले, ते माती खाल्ल्याच्या तक्रारीवरूनच. ही कथा मराठी घरांत इतकी लाडकी आहे, की मातीने माखलेल्या तोंडाकडे रागाने पाहिले तरी त्यात थोडे कौतुक मिसळलेलेच असते. परंतु या कौतुकास वयाची मर्यादा घालणे इष्ट आहे.

दोन वर्षे उलटल्यानंतरही मूल महिनाभर किंवा अधिक काळ माती खात राहिले, तर ती निराळी गोष्ट समजावी. वैद्यकात तिला ‘पायका’ म्हणतात. दोहोंतील फरक शिक्षकास साध्या निरीक्षणाने कळतो. चाचपडणारे मूल जे सापडेल ते तोंडात घालते आणि बेचव लागले की तोंड वेडेवाकडे करून थुंकते. माती खाणारे मूल थुंकत नाही. त्यास ठराविक वस्तूच हवी असते. कोणास चुलीची भाजकी माती, कोणास राख, कोणास भिंतीचा पोपडा, तर कोणास खापराचा तुकडा आवडतो. ते ती वस्तू शोधत जाते, चावून गिळते आणि रागावल्यास आडोशाला जाऊन खाते.

अशा मुलाविषयी गावात सहसा एकच निदान ऐकू येते: अंगात चुना कमी आहे. ही समजूत जितकी जुनी आहे, तितका तिला आधार नाही. माती खाण्याशी ज्या कमतरतेचा संबंध वारंवार दिसून आला आहे, ती लोहाची होय. मुलाच्या खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ व तळहात पाहावे. ते फिकट दिसले, मूल लवकर दमत असले, चिडचिडे वा मलूल असले, तर रक्तक्षयाचा संशय घ्यावा. ही शंका दूरची नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. शंभर मुलांत एकोणसत्तर, म्हणजे निरोगी रक्ताचे मूलच गावात अल्पसंख्य ठरले.

या संबंधाची जाण आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले असून पाचवा माती खाण्याने होणारा आहे. तेथे माती हे कारण व फिकटपणा हे कार्य मानले आहे. आजच्या ज्ञानाप्रमाणे हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. लोह कमी पडले की कित्येक मुलांस मातीची ओढ लागते, आणि काही प्रकारची माती पोटात गेली की अन्नातील लोह धरून ठेवते, ते अंगी लागू देत नाही. त्यातच जंतांची भर पडते. गोल जंताची मादी दिवसास सुमारे दोन लक्ष अंडी घालते. उघड्यावरील विष्ठेतून ती मातीत मिसळतात, दोन ते चार आठवड्यांत बाधक होतात आणि अनुकूल मातीत वर्षानुवर्षे टिकतात. ती मातीबरोबर मुलाच्या पोटात जातात. त्याच मातीतून अंकुशकृमीची अळी अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरते आणि आतड्यास चिकटून रक्त शोषते. रक्त घटले की पुन्हा मातीची ओढ लागते. मूल या फेऱ्यात सापडलेले असताना त्यास धपाटा घालून काय साधणार?

आणखी एक विष ध्यानात ठेवावे. जुन्या दारे-खिडक्यांच्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम २०१६ साली झाला व २०१७ च्या नोव्हेंबरापासून लागू झाला. त्यापूर्वीचे रंग अद्याप कित्येक इमारतींवर आहेत आणि त्यांत शाळाही आल्या. लहान मूल पोटात गेलेले शिसे प्रौढापेक्षा चार-पाच पट अधिक शोषते, आणि लोह कमी असल्यास त्याहूनही अधिक. त्याचा घाला मेंदूवर पडतो. म्हणून रंगाच्या खपल्या निघणाऱ्या दाराशी मुलास कधीही बसवू नये.

मुलाच्या आईशी बोलताना फार जपावे लागते. “तुमचे मूल माती खाते,” असे चारचौघांत म्हटले, की तिला ते “तुम्ही त्यास उपाशी ठेवता” असे ऐकू येते. तिला एकटीस गाठून “बाळाचे रक्त तपासून घेऊ या” एवढेच म्हणावे आणि अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्तीबरोबर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. बोलता बोलता उष्टावण केव्हा झाले हे विचारावे. पुष्कळदा मूळ तेथेच सापडते. जन्माच्या वेळी अंगात असलेला लोहाचा साठा सुमारे सहा महिने पुरतो. पुढे आईच्या वा गाईच्या नुसत्या दुधावर तो भरून निघत नाही. दूध पिऊन गुबगुबीत दिसणारे मूलही आतून फिकट असू शकते. सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू व्हावे. त्यात डाळ, पालेभाजी, अळीव आणि ज्यांच्याकडे चालते त्यांच्याकडे अंडे व मासे असावेत. पालेभाजीतील लोह सहजी अंगी लागत नाही, लिंबू पिळल्यास अधिक लागते. जेवणाबरोबरचा चहा त्यास अडवतो. दोन वर्षांच्या मुलास बशीत चहा पाजण्याची रीत ज्या घरी आहे, तेथे ती आधी थांबवावी.

रक्तक्षय जडला असता मात्र केवळ अन्नाने भागत नाही, औषध लागते. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात पाच वर्षांखालील मुलांस लोहाचे द्रवरूप औषध आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर देण्याची योजना आहे. रक्तक्षय आढळल्यास मात्रा डॉक्टर ठरवितात. या औषधाने शौचास काळे होते आणि आई घाबरून बाटली ठेवून देते, म्हणून ही गोष्ट तिला आधीच सांगावी. जंतांचे औषध २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांत व अंगणवाड्यांत मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलास अल्बेंडाझोलची अर्धी व त्यापुढे पूर्ण गोळी चुरा करून पाण्यातून देतात. औषध सुरू झाल्यावर कित्येक मुलांची मातीची ओढ काही आठवड्यांत ओसरते, सर्वांचीच नव्हे. बोलण्यात, चालण्यात वा इतरांत मिसळण्यात मागे असलेले मूल माती खात राहिले, तर त्याची निराळी तपासणी व्हावी. गरोदरपणी आईस मिळणाऱ्या लोहाच्या तांबड्या गोळ्या ज्या घरी असतील, त्या मुलाच्या हातास लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावयास अवश्य सांगावे. सर्व काही तोंडात घालणाऱ्या वयात त्या गोड गोळीसारख्या दिसतात आणि मूठभर गिळल्या गेल्यास जीव घेऊ शकतात.

भावंडाची व्यवस्था झाल्यावर वर्गातील त्या बहिणीकडेही एकदा पाहावे. तिच्या दप्तरातील पाटीची पेन्सिल आठवड्यास संपत असेल, फळ्याखालचे खडूचे तुकडे नाहीसे होत असतील, तर ते हरवले म्हणून तिला रागावू नये. एकाच ताटातले अन्न खाणाऱ्या भावंडांचे रक्त सहसा एकाच वेळी घटते. आठवड्याच्या ठराविक दिवशी मिळणारी लोहाची गोळी, धाकट्या इयत्तांत गुलाबी व दहा वर्षांवरील मुलांस निळी, ती जेवणानंतर शिक्षकासमोर गिळते की मुठीत धरून बाहेर टाकते, हे जवळ उभे राहून पाहावे.