सात वाजताचा भोंगा



आम्ही बँकेत लिपिक आहोत, त्यामुळे मोबाईलला सरसकट नावे ठेवणे आम्हांला शोभणार नाही. खातेदाराचा ओटीपी त्यावरच येतो, आणि २०१६ साली यूपीआय आल्यानंतर काउंटरवरील रांगही बरीच ओसरली. परंतु गेल्या पावसाळ्यात लोकलमध्ये चित्रफिती पाहता पाहता ठाणे केव्हा मागे पडले ते आम्हांला कळले नाही; कळव्याला उतरून परत यावे लागले. त्याच रात्री दहावीतल्या मुलाला आम्ही मोबाईल ठेवून अभ्यासाला बसण्यास सांगितले. तो म्हणाला, "बाबा, आधी तुमचा ठेवा." आमच्यापाशी उत्तर नव्हते.

असे का होते? वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते आणि आपण ते घडी करून ठेवतो. मोबाईलला शेवटचे पानच नाही. बोट सरकवावे तसा नवा मजकूर येत राहावा, ही युक्ती एझा रास्किन या तंत्रज्ञाने २००६ साली काढली. पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. शिवाय प्रत्येक वेळी काही चांगले हाती लागत नाही, क्वचितच लागते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दाणा अनियमितपणे मिळाला की कबूतर अधिकच चिकाटीने चोच मारीत राही. मटका लावणाऱ्याचे दुसरे काय होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत मोबाईलचे व्यसन असा स्वतंत्र आजार नाही, पण गेम खेळण्याचा विकार मात्र आहे.

तेव्हा 'मनाचा निग्रह करा' एवढ्या उपदेशाने भागत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट काढली. टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरली. शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ग्रामस्थांची सभा झाली. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने असे ठरले, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद राहतील. पुरुष मंडळी प्रथम हसली. बायकांनी मात्र आपणही मालिकांत गुंततो हे कबूल केले. मग अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. आम्हांला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की भोंगा मुलांसाठी निराळा नव्हता; आईबापांनाही तोच होता.

वर्तकनगरात भोंगा कोण वाजविणार? सात वाजता निम्मी माणसे गाडीतच असतात. म्हणून आमच्या मजल्यावरील चार घरांपुढे आम्ही साडेआठ ते दहा ही वेळ मांडली. दोन घरांनी मानली, तिसऱ्याने दहा दिवसांत सोडली. रात्रपाळीच्या माणसाला ती जमणारही नव्हती, त्यात त्यांचा दोष नाही.

आमच्या घरी पहिले तीन दिवस फसले. मुलीचा गृहपाठ शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतो, तो पाहायला मोबाईल घेतला की अर्धा तास जाई. आता ती आठ वाजताच गृहपाठ वहीत उतरवून घेते. मोबाईल कपाटावर राहतात, फक्त फोनची घंटी चालू असते, कारण गावी आई एकटी आहे. बाकी सूचनांचे आवाज बंद केले. चार्जर स्वयंपाकघरात नेला आणि गजराचे साधे घड्याळ आणले; उशाशी मोबाईल ठेवायला गजर हेच निमित्त होते. रिकाम्या हातांचे काय करावे हा प्रश्न आमचाच अधिक अवघड निघाला. मुलाच्या भूमितीत आम्हांला फारसे कळत नाही, तरी शेजारी बसून इतिहासाचे प्रश्न विचारता येतात.

मार्चमध्ये त्याची बोर्डाची परीक्षा आहे. दहा वाजले की कपाटाकडे सर्वांत आधी बाबाच जातात, असे मुलगी सर्वांना सांगत असते. ते खरे आहे.