बेस कुठे उभा होता, ते आधी विचारा

ओढ्यावरचा फरशी पूल एकच होता, पण दोन दिवसांच्या मोजणीत तो दोन जागी आला होता. मधले अंतर दोन मीटरांहून थोडे जास्त. उपसा सिंचनाच्या पाइपलाइनची आखणी खासगी मोजणीवाल्यांनी केली होती. टप्पे एकमेकांशी जुळेनात म्हणून ते काम माझ्याकडे तपासायला आले. यंत्रे नवी होती, काही लाखांची होती. प्रत्येक बिंदूपुढे ‘फिक्स’ लिहिलेले आणि अचूकता एक-दीड सेंटिमीटर. त्यांच्याकडच्या मुलांनी पोलचा बबलही नीट सांभाळलेला दिसत होता.

गोम बेसमध्ये, म्हणजे एका जागी स्थिर ठेवायच्या उपग्रह-रिसीव्हरमध्ये होती. रोज सकाळी काम जिथे असेल त्याच्या जवळच्या शेतात बेस उभा करायचा, कंट्रोलरवर ‘सध्याची जागा’ हा पर्याय दाबायचा आणि रोव्हर, म्हणजे पोलवरचा फिरता रिसीव्हर, घेऊन निघायचे, अशी त्यांची पद्धत. जमिनीत खुंटी नाही, दगडावर खूण नाही. एकटा रिसीव्हर स्वतःची जागा सांगतो तेव्हा ती दोन-तीन मीटर इकडेतिकडे असू शकते. रोव्हर मोजतो ते बेसपासूनचे अंतर आणि दिशा, आणि ते तो खरोखरच सेंटिमीटरमध्ये मोजतो. बेसला आपण जी जागा सांगितली तिच्यात तो हे अंतर मिळवतो, एवढेच. म्हणून एका दिवसाचे काम आतून बिनचूक होते आणि दुसऱ्या दिवसाशी त्याचा मेळ नव्हता. पडद्यावरचा ‘फिक्स’ बेसच्या जागेबद्दल एक शब्दही बोलत नाही.

तरीही ते काम वाचवता आले असते. बेसने दिवसभर उपग्रहांची कच्ची नोंद साठवली असती, तर त्या नोंदीवरून त्याची खरी जागा नंतर काढता आली असती आणि त्या दिवसाचे सगळे बिंदू एकदम सरकवता आले असते. पण त्यांच्या संचात कच्ची नोंद हा वेगळ्या पैशांचा पर्याय होता आणि खरेदीच्या वेळी तो घेतलाच नव्हता. दोन्ही टप्प्यांत सापडणारे बिंदूही त्या पुलाखेरीज जवळजवळ नव्हते. बरेचसे काम पुन्हा करावे लागले.

तेव्हापासून बेस-रोव्हर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न हाच असतो: यंत्राने दिलेले उत्तर तुम्हाला मागाहून तपासता येईल का? बेस आणि रोव्हर दोन्हींत कच्ची नोंद होते का, आणि ती रायनेक्स या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येते का? ती फक्त त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडत असेल, तर पुढची दहा वर्षे तुमचे काम त्या कंपनीच्या ताब्यात राहील. रायनेक्स हाती असले की वाटा बऱ्याच आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स, म्हणजे कायम चालू असणाऱ्या संदर्भ स्थानकाची नोंद घेऊन गणित करता येते. ऑस्ट्रेलियाची ‘ऑसपॉस’ आणि कॅनडाची ‘सीएसआरएस-पीपीपी’ या सरकारी सेवाही फाइल पाठवली की बेसची जागा काढून देतात, आणि त्या मोफत आहेत. बेस तीन-चार तास एकाच खुंटीवर राहू द्या, म्हणजे उत्तर चांगले येते. इथे एक सावधगिरी बाळगा. भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. परदेशी सेवा आजच्या तारखेची जागा देत असेल आणि कॉर्सचे निर्देशांक जुन्या तारखेचे असतील, तर वीस वर्षांत तो फरक मीटरभर होतो. एका प्रकल्पाला एकच आधार ठेवा आणि तो अहवालात लिहून ठेवा.

मुळात बेस विकत घ्यावाच का, हा प्रश्नही आता खरा आहे. सर्वेक्षण विभागाचे कॉर्सचे जाळे देशभर एक हजारांवर स्थानकांचे झाले आहे, आणि २०२१च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी ते भारतीय संस्थांना खुले केले. नोंदणी करून मोबाइलच्या इंटरनेटवरून दुरुस्ती घेतली की एकट्या रोव्हरवर काम होते. सोलापूर, लातूर, वऱ्हाडातल्या सपाट मुलखात नवीन मुलाने आधी फक्त रोव्हर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे बेस बनू शकेल असाच घ्यावा, म्हणजे काम वाढल्यावर जोडीला दुसरा घेता येतो. कोकणात, मावळात, घाटमाथ्यावर मात्र दोन्ही हवेतच. दरीत उतरलात की मोबाइलची रेंज जाते आणि रोव्हर हातात नुसता उरतो.

दोन्ही घेतले की बेसची दुरुस्ती रोव्हरपर्यंत नेणारा रेडिओ आला, आणि विक्रेते सर्वांत कमी बोलतात ते त्याबद्दल. यंत्राच्या आतला एक-दोन वॅटचा रेडिओ उघड्या माळावर काही किलोमीटर पोहोचतो, पण मध्ये डोंगराची सोंड आली की थोड्याच अंतरात गप्प होतो. मग ‘पस्तीस वॅटचा बाहेरचा रेडिओ जोडा’ असे सांगितले जाते. ४१० ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असा रेडिओ चालवायला केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त आहे. लहान कामांना त्यातला रेडिओ पुरतो, बेस उंचावर ठेवला की झाले. तुमच्या संचातला रेडिओ कोणत्या पट्ट्यावर चालतो, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात असतात ते चॅनेल. आठशे, चौदाशे, त्याहून जास्त. या आकड्यावर मी आता नजरही टाकत नाही. वेगवेगळ्या नावांच्या अनेक डब्यांत आत एकच बोर्ड असतो. विचारायचे ते संच किती कंपनसंख्या पकडतो हे. जीपीएसच्या एल१, एल२, एल५ तिन्ही, आणि जोडीला ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू. यामागे आपल्या आभाळाचे कारण आहे. भारतावरचे आयनमंडळ विषुववृत्तीय प्रकारचे आहे. दुपारी त्यातले इलेक्ट्रॉन सर्वाधिक असतात, तर सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, ते इतके अस्थिर होते की लहरी थरथरतात. संकेताला होणारा उशीर प्रत्येक कंपनसंख्येला वेगळा असतो, म्हणून दोन-तीन मिळाल्या की तो ओळखून वजा करता येतो. फक्त एल१ पकडणारे जुने संच आजही स्वस्तात विकायला असतात. शेताच्या हद्दीच्या कामाला ते घेऊ नयेत. ‘नाविक चालते’ एवढ्यावरही भाळू नका. आपला उपक्रम म्हणून मला त्याचा अभिमान आहे, पण त्यातल्या काही उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडलेली आहेत, त्यामुळे त्याला जोड म्हणूनच धरावे.

उंचीबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण पाण्याची कामे इथेच बिघडतात. उपग्रह देतो ती गणिती लंबगोलापासूनची उंची. पाणी तिच्याप्रमाणे वाहत नाही. भारतात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे, म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर रोव्हर उणे साठ मीटरांच्या पुढचा आकडा दाखवतो. कंट्रोलरमध्ये भूआभाचे (जिऑइडचे) प्रतिमान, निदान ईजीएम २००८, घालता यायला हवे. तेवढ्याने भागत नाही. जवळच्या सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कवर रोव्हर ठेवून फरक पाहावाच लागतो. शिवाय उभ्या दिशेची अचूकता आडव्यापेक्षा जवळपास निम्मीच असते. चांगल्या संचावरही १५ मिलिमीटर अधिक दर किलोमीटरला १ मिलिमीटर असे लिहिलेले असते, आणि तेही मोकळ्या आभाळाखाली. पाच हजारास एक उताराचा कालवा शंभर मीटरमध्ये फक्त दोन सेंटिमीटर उतरतो. तिथे ऑटो लेव्हलच लावा. शेवटच्या शेतकऱ्याच्या वावरात पाणी पोहोचते की नाही, ते त्या दोन सेंटिमीटरवर ठरते.

अंतराचाही असाच एक पेच आहे. यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३व्या पट्ट्याची मध्यरेषा ७५ अंश रेखांशावर, म्हणजे अहिल्यानगर-करमाळ्याच्या बाजूने जाते. तिथे नकाशावरचे अंतर जमिनीवरच्या टेपपेक्षा किलोमीटरला जवळपास अर्धा मीटर कमी भरते, आणि एका हेक्टरमागे दहा चौरस मीटरांच्या आसपास फरक पडतो. शेतकरी टेप धरून उभा राहतो तेव्हा त्याचे म्हणणेही बरोबर असते. कंट्रोलरने जमिनीवरचे आणि नकाशावरचे अशी दोन्ही अंतरे दाखवली पाहिजेत. अमरावती ४३व्या पट्ट्यात आणि वर्धा-नागपूर ४४व्या, हे विदर्भात काम करणाऱ्यांनी विसरू नये. हद्दीच्या वादात शेवटी भूमी अभिलेख कार्यालयाचीच मोजणी धरली जाते, पण आपला आकडा तिच्याशी का जुळत नाही, ते समोरच्याला समजावून सांगणे आपले काम आहे.

पोल तिरका धरूनही चालणारी यंत्रे आता सर्रास मिळतात. विहिरीचा कठडा, घराचा कोपरा यांना ती फार उपयोगी आहेत. बांधाच्या दगडावर मात्र पोल सरळच धरा.

विक्रेता यंत्र दाखवतो ते शहरातल्या मोकळ्या मैदानावर, सकाळच्या वेळी. तिथे कोणताही संच छान चालतो. तो दोन दिवस तुमच्या मुलखात मागा. आंब्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडजवळ, डोक्याएवढ्या उसाच्या फडात, भर दुपारी तीनला न्या. एकाच खुंटीवर फिक्स घ्या, अँटेना झाकून तो तोडा, पुन्हा घ्या. तासाभराने परत या आणि तोच बिंदू मोजा. झाडाखाली खोटा फिक्स येतो तो असाच सापडतो: आकडे दोन वेळा वेगळे येतात आणि पडदा दोन्ही वेळा सेंटिमीटरची ग्वाही देतो. दोन खुंट्यांमधले अंतर पोलादी टेपने मोजून ताडून पाहा. कॉर्सवरून आणि स्वतःच्या बेसवरून तोच बिंदू घेऊन किती फरक पडतो, तेही पाहा. यंत्र दोन दिवस द्यायला तयार नसलेल्याकडून घेऊ नका, मग किंमत कितीही कमी असो.

डिप्लोमा किंवा आयटीआय करून कर्जावर संच घेणारी मुले माझ्याकडे येतात, तेव्हा मी बिलाचा कागद मागतो. कच्ची नोंद सुरू आहे, रायनेक्स निघते, चालू करण्याचा कोड कायमचा आहे की वर्षाचा, वर्षाचा असल्यास नूतनीकरण किती रुपयांत, दुरुस्तीला यंत्र कोणत्या गावी जाईल आणि तोपर्यंत बदली संच मिळेल का: हे सगळे त्या बिलावर लिहून, शिक्का मारून घ्या. आगाऊ रक्कम त्यानंतर द्या.