नवी विंडोज टाकू का, मामा?

बाई, सपोर्ट संपल्याची स्क्रीनवर आलेली पाटी वाचून घाबरून जाऊ नकोस, पण ती बंद करून मोकळीही होऊ नकोस. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं आहे. म्हणून तुमचा कॉम्प्युटर त्या दिवशी मेला असं नाही. तो सुरू होतो, टॅली उघडतं, बिलं छापली जातात. थांबलं ते एवढंच, की विंडोजमध्ये चोराला शिरायला नवी फट सापडली तर ती बुजवणारं अपडेट आता आपोआप येत नाही.

हे लहान समजू नकोस. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने न्हावा शेवाच्या बंदरातलं एक अख्खं टर्मिनल ठप्प केलं होतं. तो ज्या वाटांनी पसरला त्यातली एक मोठी वाट बंद करणारं अपडेट तीन महिने आधीच, मार्चमध्ये आलेलं होतं. जगभर कितीतरी मशीनवर ते टाकलेलंच नव्हतं. ज्या मशीनवरून जावईबापू बँकेत पैसे भरतात आणि जीएसटीचं रिटर्न जातं, तिथे अपडेटविना वर्षानुवर्षं काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण उद्याच बदल, असंही मी म्हणत नाही. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट घेता येतात. त्यासाठी नावनोंदणी करावी लागते. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर तिची ओळ दिसते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलास तर पैसेही पडत नाहीत. हे आधी करून टाक. विचाराला सवड मिळते.

आता वही घे. या मशीनवर घरातलं कोण काय करतं ते एकेक लिहून काढ. जावईबापूंच्या हळदीच्या व्यापाराचं टॅली. पोराचा अभ्यास. तुझं शाळेचं ऑनलाइन काम. मामंजींनी टाइप करून ठेवलेले नामदेवांचे अभंग आणि त्यांवरची टिपणं. प्रिंटर, आणि सही करायचा डीएससीचा टोकन. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिही: हे नव्या विंडोजवर चालेल का? उत्तर त्या त्या वस्तूच्या कंपनीकडून किंवा तिच्या साइटवरून घे. दुकानदार ‘सगळं चालतं ताई’ म्हणतो, पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टोकन ओळखला गेला नाही तर तो तुझ्या घरी येऊन बसत नाही.

या यादीत मला सगळ्यात जास्त काळजी मामंजींच्या फाइलींची आहे. त्या श्रीलिपीत आहेत. जुन्या श्रीलिपीच्या फाइलीत आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं; फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देतो. फॉन्ट गेला की ‘नामा म्हणे’च्या जागी नुसता कचरा दिसतो, आणि लोक समजतात फाइल खराब झाली. फाइल चांगलीच असते. म्हणून मशीनला हात लावण्याआधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते सगळे फॉन्ट पेनड्राइव्हवर घे, श्रीलिपीची सीडी आणि डोंगल असेल तर डब्यात घालून वर नाव लिही, आणि प्रत्येक फाइलीची एक पीडीएफ काढून ठेव. मग सवडीने त्या युनिकोडमध्ये बदलून घे. बदलल्यावर मामंजींसोबत बसून जोडाक्षरं आणि रफार तपास, तिथे हमखास गडबड होते. नामदेवांच्या नर्सीच्या मातीत राहून त्यांनी इतक्या वर्षांत जमवलेलं ते काम एका फॉरमॅटमध्ये जाऊ देऊ नकोस गं.

फॉरमॅटबद्दल सांगतो ते तर, आई म्हणायची तसं, नीट ऐक. विंडोज बदलण्याचे दोन प्रकार. एकात जुन्यावरच नवी चढते आणि फाइली जागच्या जागी राहतात. दुसऱ्यात सी ड्राइव्ह साफ पुसून नवी टाकतात. दुकानात सवयीने दुसरा प्रकार करतात, कारण त्यांना तो सोपा. आणि डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेलं सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं, हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं. आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळं उतरव आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून फाइली उघडतात का बघ. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घे. मशीन पुसायचंच असेल तर त्याआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करायला जावईबापूंना सांग, कारण ते त्या मशीनशी बांधलेलं असतं.

मग मशीन नव्या विंडोजसाठी पात्र आहे का ते बघ. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. तिथे प्रोसेसरचं नाव येतं. इंटेलचं ‘आय५-८२५०यू’ असं असेल तर तो आकडा ८ ने सुरू होतो, म्हणजे आठवी पिढी; तिथून पुढचे चालतात. ‘आय५-७२००यू’ असेल तर नाही. एएमडी असेल तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून बघ. टीपीएम २.० नाही असं ते म्हणालं, तरी लगेच मशीन मोडीत काढू नकोस. आठव्या पिढीच्या कितीतरी डेस्कटॉपमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये ‘पीटीटी’ नावाने सापडतं. चालू केलं की काम झालं. कागदावर ४ जीबी रॅम पुरते, पण प्रत्यक्षात ८ आणि एसएसडी हवीच.

पात्र नसेल तर कुणी म्हणेल, तपासणी चुकवून बसवून देतो. बँकेच्या मशीनवर नको. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि ‘फुकटची विंडोज’ तर घरात येऊच देऊ नकोस. ज्याने कुलूप फोडून दिलं त्याने आत काय ठेवलं, ते तुला कधीच कळणार नाही. त्यापेक्षा पोराच्या अभ्यासाला लिनक्स मिंट बघ. पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं, मशीनवर काही न बदलता. मराठी इनस्क्रिप्टने नीट टाइप होतं. केरळात सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर चालतात. टॅली आणि श्रीलिपी मात्र तिथे सरळ चालत नाहीत, म्हणून व्यापाराच्या मशीनला ते जमणार नाही.

वेळ नीट निवड. हळदीच्या हंगामात आणि मार्चअखेर मुळीच नाही. महिन्याची २० तारीख, म्हणजे रिटर्न, गेल्यावरच. पाच-सहा जीबी उतरवायचे असतात, मोबाइलच्या रोजच्या पॅकवर ते मधेच अडकतं. कुणाकडे वायफाय असेल तिथे ने. आणि लाइट जाण्याची वेळ सांभाळ. डेस्कटॉपच्या यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकते ते आदल्या दिवशी प्लग काढून बघ.

झाल्यावर पहिल्याच दिवशी वहीतलं एकेक काम करून बघ. एक बिल छाप, टोकनने लॉगिन कर, मामंजींची एक फाइल उघड. जुन्यावर नवी चढवली असेल तर १० दिवसांत मागे जायचं बटन सेटिंग्जमध्ये असतं, नंतर ते जातं. म्हणून तपासणी रविवारवर ढकलू नकोस. नवी विंडोज डिस्कला स्वतःहून कुलूपही लावू शकते. त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव, आणि ती वही कॉम्प्युटरच्या टेबलावर नको, कपाटात ठेव.